चार शाखांचं संशोधन वाचायला घेताय? आधी एवढं करा

कायदा, गणित, खगोलशास्त्र, वैद्यक सगळं एकदम हातात घेताय, घ्या की! फक्त सुरुवातीला एवढं सांभाळा.

१. सारांशावर विसंबू नका. माझी पहिली फजिती कायद्यातच झाली. निकालाच्या वर छापलेली हेडनोट, म्हणजे निकालाचा सारांश, उतरवली आणि मोकळा झालो. हेडनोट संपादक लिहितो, न्यायाधीश नाही! सर्वोच्च न्यायालयातल्या १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात न्यायाधीश १३, निकालपत्रं ११, आणि बहुमत ७ विरुद्ध ६. त्यामुळे "न्यायालय म्हणालं" असं लिहिण्याआधी कोणते न्यायमूर्ती, कोणता परिच्छेद, ते उघडून बघा.

२. वैद्यकात टक्केवारी दिसली की "कशाच्या?" असं विचारा. "धोका ५० टक्क्यांनी घटला" याचा अर्थ हजारात दोघांऐवजी एकाला त्रास झाला, एवढाच असू शकतो.

३. गणित पेन्सिल घेऊनच वाचायचं. दिवसात अर्धं पान झालं तरी भरपूर. नवी व्याख्या आली की एक साधं उदाहरण स्वतः करून बघा.

खगोलशास्त्रात तुमची चैन आहे. १९९१पासून चालू असलेल्या 'अर्काइव्ह' (arXiv) या संकेतस्थळावर बरेच शोधनिबंध फुकट मिळतात. मात्र तिथला मसुदा समीक्षणाआधीचा, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा असू शकतो. नियतकालिकात आलाय का, तेवढं तपासा.

आणि हो, लेखक, वर्ष, पान क्रमांक वहीत लगेच टिपा. नंतर शोधताना मी रात्री जागवल्यात.

सॉफ्टवेअर, संख्याशास्त्रीय चाचण्या वगैरे सध्या राहू द्या. दहा निबंध वाचून झाले की विचारा.