शाळेत व्यसनांचे धोके ऑडिओतून कसे समजावावेत?

बीडकडच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीला मोबाइलवर रेकॉर्ड करून काय आणि कसं ऐकवावं, असं तुम्ही विचारलंय.

या वयासाठी सुगंधी सुपारी, गुटखा, व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन एवढंच घ्या. गोळ्यांची नावं, भाव, कशा घेतात हे नकोच. निम्म्या वर्गाला ते माहीत नसतं, आपणच शिकवून बसतो. "कॅन्सरनं मराल" हेही नको. पुडी खाणारे काका पारावर धडधाकट बसलेले दिसतात, मग मूल बाकीचंही खोटं धरतं. आज कळेल ते सांगा: सुपारीनं गालाची आतली कातडी ताठरते, तिखट झोंबतं, तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावेनाशी होतात. हात धुऊन सगळ्यांना तिथंच करून बघायला लावा. सोल्युशन हुंगल्यानं मात्र हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो, हे स्पष्ट सांगा.

एक भाग चार मिनिटांचा. मिनिटभर माहिती, बाकी संवाद, तोही गावच्याच बोलीत. "घे लेका, एका पुडीनं काय होतंय?" इथं ऑडिओ थांबवा, मुलांना उत्तर देऊ द्या. मग पुढचं वाक्य: "नगं मला, सर वाट बघायलेत, चाललो मी." उपदेशाचं उत्तर ऐनवेळी तोंडात येत नाही, सटकायचं येतं.

रेकॉर्ड करताना पंखा बंद, खिडकीला गोधडी, मोबाइल वीतभर लांब आणि तोंडाच्या जरा बाजूला. समोर धरला की 'प', 'फ' फुटतात. रेकॉर्डिंग मोनो (एकाच चॅनेलचं) आणि दर्जा 64 केबीपीएस ठेवला तर चार मिनिटं साधारण 2 एमबी होतात. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून स्पीकर मुलांच्या मधोमध, आवाज मध्यम.

दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की बरीच मुलं आजीजवळ राहतात, आणि पुडी आणायला घरचेच पाठवतात. म्हणून "व्यसनी माणूस वाईट" असं म्हणू नका, मूल गप्प होईल. यावर एक वेगळा भाग करा: "आजी, दुकानदार लेकरांना देत न्हाई." 18 वर्षांखालच्याला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्यानं गुन्हाच आहे, शाळेपासून 100 यार्डांच्या आतही. गुटखा तर राज्यात 2012 पासून बंद आहे.

शेवटी 1098 हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइन) नंबर दोनदा, सावकाश म्हणा. ऐकून एखादं मूल घरचं बोलायला आलं तर वर्गापुढं नाव घेऊ नका, आणि घरी निरोप धाडण्याआधी कुणाला सांगितलेलं चालेल ते त्यालाच विचारा.