लिनक्सवर एकाच टेपवर दोनदा टारने (फाइली एकत्र बांधणाऱ्या कमांडने) बॅकअप घेतला. पहिला गायब का झाला?

तुम्ही दोन्ही वेळा ‘/डेव्ह/एसटी०’वर लिहिलंत, म्हणून दुसरा बॅकअप पहिल्यावर चढला, ‘/डेव्ह/एनएसटी०’ वापरा. ड्राइव्ह तोच, नावं दोन. एसटी० बंद होताच ड्रायव्हर टेप सुरुवातीला गुंडाळून आणतो, एनएसटी० ती आहे तिथेच ठेवतो. ‘एसटी’ या टेप ड्रायव्हरच्या मॅन पेजमध्ये (लिनक्समधल्या माहितीपानात) हे स्पष्ट दिलंय. पुढचा बॅकअप घेण्याआधी एवढं कराच:

- ‘एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० ईओडी’ : टेप शेवटच्या डेटापुढे जाऊन थांबते (‘एमटी’ ही टेप पुढेमागे नेणारी कमांड).
- मग ‘स्टेटस’ : आधीचा एकच बॅकअप असेल तर फाइल नंबर १ दिसायला हवा. ० दिसला तर टेप अजून सुरुवातीलाच आहे, काहीही लिहू नका.

दुसरा बॅकअप वाचताना आधी ‘रिवाइंड’, मग ‘एफएसएफ १’ (एक फाइल पुढे), मग टार. एमटीलाही एनएसटी०च द्या (हे हमखास विसरलं जातं), नाहीतर कमांड संपताच टेप परत मागे जाते. मात्र ही नावं लिनक्सपुरतीच. सोलारिसवर न गुंडाळणारा ड्राइव्ह ‘/डेव्ह/आरएमटी/०एन’ असतो, फ्रीबीएसडीवर ‘/डेव्ह/एनएसए०’.