अलास्कातल्या खेड्यांतले लोक सॅल्मन विकत न घेता वर्षभराचा साठा स्वतःच का करतात?

कारण तिथे दुकानाच्या भरवशावर जगणं परवडत नाही. कस्कोक्विम नदीकाठच्या बेथेल गावाला बाकी राज्याशी जोडणारा रस्ताच नाही. किराणा विमानाने येतो, नाहीतर उन्हाळ्यात बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने. म्हणून तिथल्या युपिक या मूळनिवासी समाजातली अनेक कुटुंबं जून-जुलैत नदीकाठच्या मासेमारीच्या तळावर मुक्काम हलवतात. बायका ‘उलुआक’ या अर्धचंद्राकृती पात्याच्या सुरीने मासा चिरतात. शेपटीपाशी दोन्ही फाका जोडलेल्याच ठेवतात, म्हणजे तो दांडीवर नीट टांगता येतो. आधी वाऱ्यावर सुकवायचा, मग धुरी द्यायची.

अस्वलं आणि गरुडही याच माशावर जगतात. अंडी घालून मेलेल्या सॅल्मनचं खत काठच्या झाडांना मिळतं.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ताब्यातल्या जमिनी-पाण्यावर ग्रामीण रहिवाशांच्या पोटापुरत्या मासेमारीला १९८०च्या कायद्याने अग्रक्रम दिलाय. पण मासाच नसेल तर हक्काचं करायचं काय? अलास्कातल्याच युकॉन नदीतला चिनूक हा सॅल्मनचा प्रकार इतका घटला की २०२४मध्ये अलास्का आणि कॅनडाने त्याची मासेमारी सात वर्षं थांबवण्याचा करार केला. मासा वाचायला हवाच, पण मला काळजी तिथल्या मुलांची वाटते. चिरणं, सुकवणं, धुरी देणं ती तळावर मोठ्यांच्या शेजारी बसूनच शिकतात.