झॅपडॉस हाती का लागत नाही?

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी ‘पोकेमॉन स्वॉर्ड’ खेळते. वाढदिवसाला तिला त्याचा ‘क्राउन टुंड्रा’ हा पुढचा भाग घेऊन दिला. त्यातल्या झॅपडॉस नावाच्या पक्ष्यावर तिने एका बैठकीत चाळीस अल्ट्रा बॉल (पोकेमॉन पकडण्याचे चेंडू) फेकले, तरी तो पकडला गेला नाही. ती रडवेली झाली आहे आणि ‘माझं नशीबच फुटकं’ असे म्हणते. हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मुलीचे नशीब फुटके नाही, हे तिला आधी सांगा. तिच्या जागी कोणीही असते तरी त्या चाळीस बॉलांचे असेच होण्याची शक्यता बरीच मोठी होती, आणि ते आकड्यांनी दाखवता येते.

या खेळात प्रत्येक पोकेमॉनला पकडले जाण्याचा एक आकडा दिलेला असतो. सहज पकडल्या जाणाऱ्यांचा तो २५५ असतो, तर झॅपडॉससारख्या लेजेंडरीचा, म्हणजे अतिदुर्मिळ पोकेमॉनचा, केवळ ३. या आकड्याला बॉलच्या प्रतीने गुणले जाते, समोरच्याची शक्ती, म्हणजे एचपी, जितकी उरली असेल तितका तो कमी होतो आणि झोप किंवा लकवा असेल तर तो पुन्हा वाढतो. झॅपडॉस पूर्ण ताकदीत असताना अल्ट्रा बॉल टाकला, तर यशाची शक्यता शंभरात जेमतेम अडीच असते. या हिशेबाने चाळीसच्या चाळीस बॉल फुकट जाण्याची शक्यता तीनात एक इतकी भरते. मुलीने एचपी किती उतरवला होता हे तुम्ही लिहिलेले नाही. पण भीतीपोटी फार मारायचे नाही आणि बॉल मात्र फेकत राहायचे, असे बहुतेक मुले करतात, आणि माझा अंदाज तिथेच जातो.

आता हाच हिशेब आपल्या बाजूने फिरवू. ‘फॉल्स स्वाइप’ नावाचा एक हल्ला आहे, ज्याने समोरचा कधीच बेशुद्ध पडत नाही, त्याचा एक एचपी शिल्लक राहतोच. झॅपडॉसला तिथवर आणले की अल्ट्रा बॉलची शक्यता सुमारे सहा टक्के होते. त्याला झोपवले की सुमारे बारा टक्के, कारण झोपेमुळे मूळ आकडा अडीच पट होतो, तर लकव्याने दीड पटच. त्यातच टायमर बॉल वापरला, जो लढाई लांबेल तसा वाढत जाऊन दहा फेऱ्यांनंतर चौपट होतो, तर शक्यता वीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे सरासरीने पाच बॉलांत काम व्हावे, आणि पंधरा बॉल टाकूनही अपयश येण्याची शक्यता शंभरात तीन-चारच उरते. सुरुवातीलाच, पहिल्या फेरीत, क्विक बॉल टाकून पाहायला हरकत नाही. त्या एका फेरीपुरता तो पाचपट असतो. फॉल्स स्वाइप आणि झोपवणारे हिप्नोसिस ही दोन्ही अस्त्रे एकाच पोकेमॉनकडे हवी असतील, तर गॅलेड तयार करावा. माझा स्वतःचा संघ कोणताही असला तरी पकडण्याच्या कामासाठी मी गॅलेडच पुढे ठेवतो.

आता या पक्ष्याची खास गोष्ट, जी मुलीला नक्की सांगावी. पहिल्या, जुन्या खेळांपासूनचा मूळ झॅपडॉस वीज-प्रकारचा आहे, आणि आताच्या नियमांनुसार वीज-प्रकाराला लकवा भरत नाही. या खेळातल्या गॅलार प्रदेशातला हा झॅपडॉस मात्र लढाऊ आणि उडत्या प्रकारचा आहे, पंख असूनही वाऱ्यासारखा पळणारा, आणि याला लकवा भरतो. मात्र याची ‘डिफायंट’ ही क्षमता घात करते. तुम्ही त्याचा हल्ला, बचाव, वेग यांपैकी कोणताही गुण (एचपी नव्हे) खाली आणला की त्याचा हल्ला दोन पायऱ्या वर जातो. बऱ्याच मुलांच्या संघात ग्यारॅडोस असतो, आणि त्याची ‘इंटिमिडेट’ क्षमता मैदानात येताक्षणी समोरच्याचा हल्ला कमी करते. इथे त्यानेच झॅपडॉस चवताळतो आणि पुढच्या फेरीत संघ गारद होतो. ग्यारॅडोसला त्या दिवशी बाजूला ठेवावे. शिवाय लढाऊ प्रकारचे हल्ले भूत-प्रकारच्या पोकेमॉनला लागतच नाहीत. असा एखादा संघात असला, तर दम घ्यायला आणि जखमी साथीदारांवर औषध वापरायला फेऱ्या मिळतात.

लढाईच्या आधी पाठलाग आहे, आणि मला सगळ्यात जास्त आनंद तिथेच मिळाला. टुंड्रातल्या त्या विशाल लाल झाडाजवळ तीन पक्षी भांडून पांगतात. आर्टिकुनो बर्फात राहतो, मोल्ट्रेस आइल ऑफ आर्मर या बेटाकडे उडून जातो आणि झॅपडॉस वाइल्ड एरिया या मोकळ्या रानात पळत सुटतो. त्याच्या शेपटीमागे सायकल दामटत राहिलात, तर तो नेहमी पुढेच राहील. त्याच्या वाटेचे वळण हेरून आडवे जावे आणि सायकलच्या टर्बोचा वेग त्या शेवटच्या टप्प्यासाठी राखावा. त्याला गाठण्याआधी खेळाच्या सेटिंगमध्ये आपोआप होणारी सेव्ह बंद करावी आणि हाताने सेव्ह करावी. मग लढाई बिघडली तरी तिथूनच पुन्हा सुरू करता येते.

हमखास पकडणाऱ्या मास्टर बॉलबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सांगतो. चॅम्पियन झाल्यावर प्रोफेसर मॅग्नोलिया जो एक मास्टर बॉल देतात, तो झॅपडॉसवर खर्च करू नये, कारण वर सांगितलेली तयारी केली तर त्याची गरजच पडत नाही.

प्रश्न : ‘क्राउन टुंड्रा’तले रेजिरॉक, रेजिआइस आणि रेजिस्टील हे तिघे पकडून झाले. आता त्यांच्या मंदिरासारख्या एका जागेत दोनांपैकी एकच पोकेमॉन घेता येतो म्हणतात. कोणता घ्यावा? – महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुम्ही शिलालेखांची कोडी सोडवलीत, म्हणजे संघातल्या पहिल्या पोकेमॉनच्या हाती एव्हरस्टोन, सोबत क्रायोगोनल आणि दारासमोर वाजवलेली शिट्टी, ही अर्धी वाट झाली. आता त्या तिघांना घेऊन स्प्लिट-डिसिजन रुइन्समध्ये जा. फरशीवरचे बिंदू उजळवून तुम्ही जो आकार बनवाल, त्यानुसार रेजिएलेकी किंवा रेजिड्रॅगो जागा होतो. एका सेव्हमध्ये एकच मिळतो. दुसरा अदलाबदलीतूनच येतो.

माझे मत रेजिएलेकीच्या बाजूने आहे. त्याचा मूळ वेग २०० आहे आणि तो सगळ्या पोकेमॉनमध्ये सर्वाधिक आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक लढाईत पहिली चाल तुमची असते. रेजिड्रॅगोचा एचपी २०० आहे, पण परी-प्रकारच्या शत्रूसमोर त्याचे ड्रॅगन हल्ले लागतच नाहीत. तरीही मित्राकडे रेजिएलेकी आहे आणि तुम्हाला तो अदलाबदलीत मिळणार असेल, तर तुम्ही रेजिड्रॅगो घ्या आणि दोघांकडे दोन्ही येतील अशी आधीच बोलणी करून ठेवा. आत पाऊल ठेवण्याआधी सेव्ह करायला विसरू नका, आणि टायमर बॉल किमान वीस तरी बरोबर ठेवा. या दोघांचाही पकडीचा आकडा ३ च आहे.