फोंड्यातला एक दिवस : सोमवारच धरा

वडिलांना गाण्याची आवड, हाताशी एकच दिवस आणि समुद्रकिनारा नको, असं तुम्ही लिहिलंय. मग गोव्यात फोंडाच योग्य. फक्त तुमच्या यादीतली आठ देवळं एका दिवसात उरकायचा बेत सोडा. चौथ्या देवळानंतर सगळ्या दीपमाळा सारख्याच दिसायला लागतात. आणि जमलं तर सोमवार धरा, कारण खाली येईल.

पणजीहून फोंडा तीसेक किलोमीटर, कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसगाड्या आहेत. मंगेशी-म्हार्दोळ वाटेतच लागतं, पण सकाळी तिथे उतरू नका, सरळ फोंड्याला या. आधी बाजारातल्या एखाद्या जुन्या हॉटेलात भाजी-पाव खा. ही मुंबईची पावभाजी नव्हे. बटाट्याची सुकी भाजी वेगळी, वाटपाची पातळ भाजी वेगळी, दोन्ही एका बशीत हवी तर ‘मिक्स’ म्हणायचं. अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) असेल तर तीच घ्या. सोबत मिरचीभजी आणि गोडसर बन. रिसॉर्टच्या नाश्त्यावर पैसे घालवून पोटात जागा अडवू नका, एवढंच सांगेन.

मग साफा मशीद. शहरालगतच आहे, आदिलशाहीतली, 1560ची. तळ्याच्या भिंतींतल्या कमानी बघायला वडिलांना पायऱ्यांवर थोडं बसू द्या. ज्या साली ही बांधली, त्याच साली मंगेशाचं लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, नदी ओलांडून या बाजूला आणलं. पलीकडे पोर्तुगीज देवळं पाडत होते, अलीकडे अंत्रूज महालावर, म्हणजे या फोंड्याच्या भागावर, आदिलशहाचा अंमल होता. वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा, लोटलीचा रामनाथ, सगळे असेच इकडे आले. एवढ्याशा तालुक्यात एवढी देवळं का, याचं उत्तर हे. पुढे 1675 साली शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला, 1683 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय तो जिंकायला आला तेव्हा संभाजी महाराजांनी त्याला पिटाळलं. पोर्तुगिजांच्या हाती हा भाग पक्केपणी गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात.

बांदोड्याचा नागेश मात्र कुठून आलेला नाही, तो मूळचाच इथला. तिथला शिलालेख 1413चा आहे. सभामंडपातलं लाकडी कोरीव रामायण मान वर करून सावकाश बघा. पर्यटकांच्या गाड्या मंगेशीला अडकलेल्या असतात, त्यामुळे इथे शांतता मिळते.

आता गाणं. देवळं आली तशी त्यांच्या सेवेला बांधलेली कलावंतांची घराणीही इथे नांदली. या सेवेचे फार गोडवे गाऊ नयेत. त्या बायकांना समाजाने लग्नाचा मान दिला नाही आणि त्यांच्या मुलांना बापाचं नाव मिळालं नाही. मग गावाचं नाव आडनाव झालं. मंगेशीच्या देवळात गाणाऱ्या येसूबाईंचे चिरंजीव दीनानाथ (जन्म 1900) ते मंगेशकर. केरीच्या केसरबाई (जन्म 1892) त्या केरकर. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत अंतराळात गेली. जितेंद्र अभिषेकींचा जन्मही मंगेशीचाच, 1929चा. वडील देवळातले पुजारी आणि कीर्तनकार.

केरीला जाणार असाल तर नकाशात फोंडा तालुक्यातलीच निवडा, नाहीतर पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर पोचाल. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी याच दिवशी करायच्या भानगडीत पडू नका. ते सांगे तालुक्यात, साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे, उन्हाळ्याच्या शेवटीच वर येतं.

दुपारी मासळी खात असाल तर शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), तळलेला तुकडा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि सोलकढी. बांगड्याच्या हुमणात तेफळं (तिरफळं) असतील तर ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचा पदार्थ, हॉटेलात रोज मिळत नाही, ते सणासुदीचं. कोणाच्या घरी आमंत्रण असेल तर मुळीच नाकारू नका.

उन्हं कलली की म्हार्दोळला म्हाळसेचं देऊळ, आणि तिथून जेमतेम किलोमीटरभरावर मंगेशी. दर सोमवारी संध्याकाळी मंगेशाची पालखी वाजतगाजत निघते. तीच ऐकायला आणायचंय वडिलांना. अर्ध्या चड्डीवर आत सोडत नाहीत, तेवढं मुलांना सांगून ठेवा.

सोमवार नाहीच जमला तर फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात त्या संध्याकाळी मराठी नाटक किंवा मैफल आहे का, आधी फोन करून विचारा. आणि चतुर्थीच्या दिवसांत येत असाल तर यातलं काहीही न करता कुणाच्याही घरची घुमट-आरती गाठा. घुमट (मातीचं चर्मवाद्य), शामेळ (ढोलकं) आणि कांसाळं (झांजा) यांच्या तालावर आरत्या बहुतेक मराठीच असतात, वडील दुसऱ्या कडव्यापासून साथ धरतील.