आठ महिन्यांच्या बाळासह जर्मनी कायमची सोडताना तिथल्या आयुष्याचा निरोप कसा घ्यावा?

तुम्ही लिहिले आहे की सहा आठवड्यांत श्टुटगार्टहून बाळासह कायमचे पुण्याला परतायचे आहे, सगळा वेळ आवराआवरीत आणि कागदपत्रांत जातो आहे, आणि सात वर्षे जिथे काढली त्या शहराचा धड निरोपही न घेता विमानात बसावे लागेल अशी धास्ती वाटते. मी त्याच शहरातून साडेसात महिन्यांच्या मुलीला घेऊन नाशिकला परतलो, त्यामुळे आमचे काय चुकले आणि काय जमले ते सांगतो.

आम्ही मुलीच्या नावाने एक यादी केली होती, तिथूनच चुकायला सुरुवात झाली. टीव्हीचा मनोरा, बोडनसे सरोवर, विल्हेल्मा प्राणिसंग्रहालय, ब्लॅक फॉरेस्ट. जिथे जन्मलीस तो मुलूख तू पाहिला होतास, असे तिला पुढे छायाचित्रे दाखवून सांगता यावे हा हेतू. मनोऱ्यावर असेपर्यंत ती झोपली आणि खाली उतरताच जागी होऊन घरी पोहोचेपर्यंत रडली. बोडनसेच्या फेरीनंतर तिला सर्दी झाली आणि आमचे चार दिवस त्यात गेले. उरलेल्या दोन जागा आम्ही पाहिल्याच नाहीत. तिला कशाचाच निरोप घ्यायचा नव्हता. तिचे श्टुटगार्ट म्हणजे खिडकीखालून जाणाऱ्या पिवळ्या ट्रामचा आवाज, अंघोळीचा टब आणि शेजारच्या आजींचा चष्मा, जो ओढायला मिळावा म्हणून दाराची घंटा वाजली की ती हात पुढे करायची. निरोप आम्हां दोघांना घ्यायचा होता, आणि तो तिला कडेवर घेऊन घेता येत नव्हता.

मग आम्ही यादी टाकून दिली आणि प्रत्येकाने एक शनिवार एकट्याने काढायचा असे ठरवले. दुसऱ्याने त्या दिवशी बाळापाशी थांबायचे. तुम्हाला यातली एकच गोष्ट करता आली तर ही करा. तुम्हाला ठाऊकच आहे की हे शहर वाटीसारख्या खोलगटात वसले आहे आणि भोवतीच्या उतारांवर चारशेहून अधिक दगडी जिने आहेत, ज्यांतले कित्येक पूर्वी द्राक्षमळ्यांच्या बांधांवरून चढण्यासाठी बांधलेले. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे आम्ही दर रविवारी त्यातला एखादा जिना चढत असू. बाबागाडी आली आणि ते जिने आमच्यासाठी बंद झाले, ते इतक्या नकळत की मला त्या शनिवारी पहिल्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत त्याची जाणीवही नव्हती. मी सकाळभर एकामागून एक जिने चढलो. बायको मारिएनप्लाट्झ चौकातून दातेरी रुळांच्या रेल्वेने वर डेगरलोख या उपनगरात गेली, तिथे एकटीने बसून कॉफी प्यायली आणि चालत खाली आली. घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते; मी काही विचारले नाही. आम्ही ज्याला श्टुटगार्ट सोडण्याचे दुःख समजत होतो, त्यातले बरेचसे बाळापूर्वीच्या दिवसांचे होते, आणि ते दिवस आम्ही तिथेच राहिलो असतो तरी परत येणार नव्हते. हे दोन्ही वेगळे करता आले की मन पुष्कळ हलके होते.

माणसांच्या बाबतीत मोठा निरोपसमारंभ करण्याचा आग्रह धरू नका. तीस माणसांच्या गर्दीत बाळ कंटाळते आणि कोणाशीच चार वाक्ये नीट बोलता येत नाहीत. आम्ही मोजक्या लोकांना एकेकटे चहाला बोलावले. त्यात आमची हेबामे होती, म्हणजे आपली सुईण, पण रीतसर शिक्षण घेतलेली. सुरुवातीचे दहा दिवस ती रोज घरी येत असे आणि पुढेही बारा आठवडे अधूनमधून येत राहिली. तिच्यात आणि व्हिडिओवरून तेलमालिशीच्या सूचना देणाऱ्या माझ्या सासूबाईंत जे शीतयुद्ध चालले, त्याचे दुभाषेपण मी केले आहे. तिला आम्ही शिरा खाऊ घातला आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये हाताने लिहिलेले पत्र दिले. त्यातल्या व्याकरणाच्या दोन चुका तिने तिथेच दुरुस्त केल्या आणि पत्र पिशवीत जपून ठेवले.

कागदपत्रांविषयी थोडक्यात, कारण ती आधी उरकली तरच शेवटचे पंधरा दिवस तुमचे राहतील. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात करावी लागते. श्टुटगार्ट ज्या जर्मन राज्यात आहे, त्याचे काम म्युनिकच्या वाणिज्य दूतावासात चालते. मात्र तुमचे वास्तव्य सात वर्षांचे आहे, तेव्हा बाळाला जन्मतःच जर्मन नागरिकत्व मिळाले आहे का हे प्रथम तपासा, कारण तसे असल्यास पुढचा मार्ग ओसीआयचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीच्या कार्डाचा, किंवा व्हिसाचा ठरतो. जन्मदाखल्याच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यातल्या जास्तीच्या प्रती घेऊन ठेवा. घर सोडण्याची नोटीस तीन महिन्यांची असते, ती तुम्ही दिलीच असेल. नगरपालिकेतली आबमेल्डुंग, म्हणजे इथले वास्तव्य संपल्याची नोंद, मात्र घर सोडण्याच्या फार तर आठवडाभर आधी होते. क्षयरोगाची बीसीजी लस तिथे सरसकट देत नाहीत, म्हणून पुण्यात पोहोचताच बालरोगतज्ज्ञांना विचारा. बाळाच्या तपासण्यांची ती पिवळी वही हातातल्या बॅगेत ठेवा. आमच्या वहीत पाचव्या तपासणीपर्यंतची पाने भरली आहेत आणि पुढची कोरी आहेत. नाशिकच्या डॉक्टरांनी ती कौतुकाने चाळली आणि आपली स्वतंत्र फाइल उघडली.

सामान वाटून टाकण्यात मला तरी दुःख झाले नाही. पाळणा गरोदर असलेल्या एका मराठी मैत्रिणीकडे गेला, उरलेले किडूकमिडूक खोक्यात भरून ‘फुकट न्या’ अशा चिठ्ठीसह फुटपाथवर ठेवले आणि संध्याकाळपर्यंत खोकेसुद्धा गेले. रिकाम्या खोलीत आपल्या आवाजाचा प्रतिध्वनी येतो हे मुलीला कळले आणि ती हर्षाने किंचाळत सुटली, तेव्हा आम्ही तिघेही बराच वेळ नुसते ओरडत होतो.

खरा निरोप झाला तो जिन्यात. आमच्या इमारतीत केअरवोखेची, म्हणजे आळीपाळीने जिना झाडण्याच्या आठवड्याची, लाकडी पाटी दारोदार फिरत असे. मुलगी जन्मली तेव्हा सलग तीन महिने ती आमच्या दारावर आलीच नाही. शेजारच्या आजी आमचा आठवडाही न बोलता झाडत होत्या, हे आम्हाला फार उशिरा समजले. योगायोगाने आमच्या शेवटच्या आठवड्यात पाळी आमची होती. रविवारी संध्याकाळी मी तिन्ही मजले झाडून पुसून काढले आणि पाटी आजींच्या दारावर अडकवली. आवाज ऐकून त्या बाहेर आल्या, मुलीच्या हाती स्वतःहून चष्मा दिला, चष्म्याविनाच पायऱ्यांवर नजर फिरवली आणि खालच्या वळणावर कोपऱ्यात राहिलेली धूळ मला बोटाने दाखवली. आमचा झाडू तोवर कोणाला तरी देऊन झाला होता, म्हणून मी त्यांचाच मागून घेतला.