धोट्यातले, धोट्यावरचे की धोट्याकडचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका ताईंची मुलगी सातवीत आहे, शाळेच्या गॅदरिंगसाठी तिनं स्वतः एक नाटुकलं लिहिलंय. आकाशात 'धोटा' नावाचं एक नक्षत्र आहे (तिनं मनानं बनवलेलं, आजोबा कापडाच्या मागावर कामाला होते म्हणून धोटा, मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेतो तो), त्यात सात तारे, दोन टोकांना दोन, पोटाला चार आणि मधोमध एक तांबूस, आणि तिथं एक खूप पुढारलेली सभ्यता राहते जी उजेडाचे धागे विणते. त्या लोकांना तिनं 'नक्षत्रवासी' म्हटलंय. आता घरात वाद चाललाय की नक्षत्र म्हणायचं का तारकासमूह, नक्षत्रवासी बरोबर का परग्रहवासी, का सरळ एलियन लिहून मोकळं व्हायचं.

ताई, आधी मुलीला माझी शाबासकी सांगा. धोटा हे नाव फार चांगलं सुचलंय तिला. आपल्या लोकांनी आकाशात कायम घरातल्याच वस्तू बघितल्यात, सप्तर्षींच्या चार ताऱ्यांना खेड्यात अजून बाजलं म्हणतात आणि मागच्या तीन ताऱ्यांना चोर, मग मागाच्या गावात वाढलेल्या पोरीला धोटा दिसला तर ते अगदी त्याच रीतीतलं आहे. माझ्या टेबलावर एक जुना धोटा पडलेला असतो, वीतभरापेक्षा जरा मोठा, लाकूड हाताळून हाताळून काळंभोर झालंय, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोट कोरून पोकळ केलंय त्यात सुताची कांडी बसते, आणि बाजूला एक बारीक भोक, त्यातनं सूत बाहेर येतं. पोरीनं मांडलेले सात तारे मी कागदावर काढून बघितले, बरोब्बर बसतात.

आता नक्षत्र. हा शब्द मराठीत तीन कामं करतो आणि तिन्ही बरोबर आहेत, म्हणूनच घोळ होतो. पहिलं काम पंचांगाचं. चंद्र आकाशातनं एक फेरी मारतो त्याला २७ दिवस आणि वर थोडे तास लागतात, त्या वाटेचे २७ भाग केले, प्रत्येक १३ अंश २० कलांचा, ती आपली अश्विनीपासून रेवतीपर्यंतची नक्षत्रं. या अर्थानं बघितलं तर सप्तर्षी हे नक्षत्र नाहीच, शर्मिष्ठा नाही, व्याधसुद्धा नाही, कारण ते चंद्राच्या वाटेवर येतच नाहीत. दुसरं काम शेतकऱ्याचं, तिथं नक्षत्र म्हणजे चक्क वेळ. मृग लागला, हस्त निघाला, म्हणजे सूर्य त्या भागात आला, मृग ७-८ जूनला आणि हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. आपला जिल्हा रब्बीचा, मालदांडी ज्वारीचा, म्हणून इकडं मृगापेक्षा हस्ताच्या पावसाची वाट जास्त बघतात, आणि 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती' ही म्हण तर मी माझ्या आज्जीच्या तोंडून दर दिवाळीच्या आधी ऐकलीय. यात आकाशाकडं मान वर करायची गरजच नाही, नक्षत्र कॅलेंडरमध्ये असतं. आणि तिसरं काम रोजच्या बोलण्यातलं, ताऱ्यांचा कुठलाही ओळखीचा आकार म्हणजे नक्षत्र, आणि देखणी पोर असली की नक्षत्रासारखी.

तारकासमूह हा शब्द मात्र एकच काम करतो. सगळ्या जगाच्या खगोलशास्त्रज्ञांनी १९२२ साली आकाशाचे ८८ तारकासमूह ठरवले, पुढं १९३० मध्ये त्यांच्या हद्दीही आखून छापल्या, म्हणजे शेताचे बांध घालावेत तसं अख्खं आकाश वाटून टाकलं, एक कोपरा शिल्लक ठेवला नाही. तेव्हा माझं मत असं की नाटकात दोन्ही शब्द ठेवा. आज्जीचं पात्र असेल तर तिच्या तोंडी नक्षत्र आणि विज्ञानाच्या सरांच्या तोंडी तारकासमूह. फक्त तारकापुंज किंवा तारकागुच्छ लिहू नका, ते वेगळं प्रकरण आहे, ते खाली सांगतो.

मध्येच एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. रास हा शब्द आपल्याकडं दोन ठिकाणी ऐकू येतो, ज्योतिषाकडं आणि खळ्यावर. 'औंदा किती रास झाली' म्हणतात ती ज्वारीची, आणि मेष-वृषभ ती ताऱ्यांची. शब्द एकच, संस्कृत राशि म्हणजे ढीग. खळ्यावरच्या दाण्यांच्या ढिगाला आणि आकाशातल्या चांदण्यांच्या ढिगाला एकच नाव, हे मला लहानपणी कळलं असतं तर किती बरं झालं असतं.

सभ्यता. इथं मात्र मी हट्ट धरणार, बदला. सभ्यता हा शब्द मराठीत आहे पण त्याचा अर्थ वागण्याबोलण्यातला सभ्यपणा. हिंदीत सिंधु घाटी सभ्यता म्हणतात, आपण शाळेच्या पुस्तकात सिंधू संस्कृती शिकलो, हडप्पा संस्कृती शिकलो. हिंदी डबिंगची कार्टून आणि सिनेमे बघून पोरं सभ्यता म्हणायला लागलीत, त्यांचा दोष नाही, पण 'तिथं एक पुढारलेली सभ्यता राहते' हे मराठी कानाला 'तिथं फार चांगल्या वळणाचे लोक राहतात' असं ऐकू येतं. संस्कृती लिहा, किंवा त्याहून सोपं, 'तिथं आपल्याहून पुढारलेली माणसं राहतात'. माणसं चालेल का विचाराल तर चालेल, बोलताना आपण मुंग्यांनासुद्धा 'ती मंडळी' म्हणतो.

नक्षत्रवासीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. व्याकरणानं शब्द चुकलेला नाही, नगरवासी, ग्रामवासी, वनवासी सगळे तसेच बनलेत. पण नावाआधी वर कुठंतरी राहणाऱ्याचा 'वासी' आला की मराठी माणसाला पहिल्यांदा कैलासवासी आठवतं, वैकुंठवासी आठवतं, आणि गेलेली माणसं चांदण्या होतात असं आपण पोरांना सांगतच असतो. स्टेजवर कुणी म्हणालं की आम्ही नक्षत्रवासी आहोत तर पहिल्या रांगेतल्या आज्ज्या हात जोडतील. परग्रहवासीला हा त्रास नाही कारण परगाव, परदेश, परमुलुख या ओळीत तो जाऊन बसतो, पर म्हणजे दुसरा, आपला नसलेला. आणि गंमत बघा, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरात याच पाहुण्याला ग्रहांतरवासी म्हणतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड घरात अन्यग्रह जीवी. तिन्ही भाषांनी संस्कृतातनंच शब्द जुळवला पण मराठीला तो परका वाटला, तेलुगूला नुसता दुसऱ्या ग्रहावरचा वाटला आणि कन्नडला आधी जीव दिसला. मला कन्नड शब्द सगळ्यात आवडतो. एलियन पण लिहा, पोरांच्या तोंडी तोच येणार, फक्त एलियन्स नको, 'एलियन आले', 'एलियनला विचार' एवढंच पुरतं.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. नक्षत्रात कुणी राहू शकतं का?

उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना बघा. गल्लीच्या तोंडाचा दिवा, पलीकडच्या देवळाच्या कळसावरचा दिवा आणि लांब कुठंतरी मोबाईल टॉवरवरचा तांबडा दिवा, तिन्ही मिळून एक त्रिकोण दिसतो. जिना उतरून चार घरं पुढं गेलात की त्रिकोण मोडला. दिवे तिथंच आहेत, त्रिकोण तुमच्या गच्चीवर होता. तारकासमूहाचं डिट्टो असंच असतं. मृगातला खांद्याचा बेलाट्रिक्स तारा आपल्यापासून अडीचशे प्रकाशवर्षांवर (उजेड वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष) आहे आणि पायाचा राजन्य साडेआठशेच्या पुढं, दोघांचा एकमेकांशी शेजार नाही, पण आपल्याला एका हरणाचे अवयव दिसतात. तेलुगूत ताऱ्याला चुक्का म्हणतात, कन्नडमध्ये चुक्की, आणि दोन्हीकडं रांगोळीच्या ठिपक्यालाही तोच शब्द आहे, याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही. ठिपके आकाशातले, रेघा आपल्या. रेघेवर कोण राहणार?

म्हणून 'धोट्यातले' हे बरोबर बसत नाही. 'धोट्यावरचे' तर नाहीच, वर हे ग्रहासाठी, मंगळावरचे, चंद्रावरचे, जिथं पाय टेकतो तिथं. पण मराठीत याच कामासाठी एक तयार शब्द दिवसभर आपल्या तोंडात असतो. पाहुणा कुठला विचारलं की आपण म्हणतो बार्शीकडचा, मंगळवेढ्याकडचा. बार्शीतला नव्हे, बार्शीकडचा, म्हणजे त्या अंगाचा, त्या वाटेनं गेलं की लागणाऱ्या कुठल्यातरी गावचा, नेमकं गाव ऐकणाऱ्याला माहीत असायची गरज नाही. ताऱ्यांच्या बाबतीत अगदी हेच म्हणायचं असतं. ते लोक 'धोट्याकडचे'. माझं उत्तर हेच.

शास्त्रज्ञ अमुक तारकासमूहात ग्रह सापडला म्हणतात त्याचं काय, असं सर विचारतील. तर ते त्या आखलेल्या हद्दीच्या हिशोबानं म्हणतात, पत्ता म्हणून. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह १९९५ साली सापडला तो ५१ पेगासी या ताऱ्याचा, पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांच्या जवळ दिसतो म्हणून त्याला महाश्व तारकासमूहातला म्हणतात, पण तो तारा साधारण ५० प्रकाशवर्षांवर आहे आणि ते दोन तारे त्याच्या कितीतरी मागं. १९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतनं माणसानं बाहेर संदेश पाठवला तोही शौरी तारकासमूहाच्या दिशेनं, मात्र तिथं नेम धरला होता एका खऱ्याखुऱ्या गुच्छावर, हजारो तारे जवळजवळ असलेल्या, सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं लांबच्या. तारकागुच्छ म्हणतात तो हा. कृत्तिका हा पण खरा गुच्छ आहे, तिथले तारे एकत्र जन्मलेली भावंडं आहेत. तेव्हा मुलीला या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर ये-जा करणारे लोक दाखवायचे असतील तर धोट्याला गुच्छ करा, मग 'धोट्यातले' बिनधास्त म्हणता येईल.

आणि तिला एक प्रसंग सुचवा. आपल्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यांच्या शेजारात, नरतुरंग तारकासमूहाकडच्या मित्र नावाच्या ताऱ्याजवळ जाऊन, सव्वाचार प्रकाशवर्षांहून जरा जास्त लांबून कुणी मागं वळून बघितलं तर आपला सूर्य त्याला शर्मिष्ठेत दिसेल. शर्मिष्ठेचा इंग्रजी डब्ल्यूसारखा आकार आहे ना, त्याच्या एका टोकाला एक जादा चांदणी. म्हणजे तिथं कुणी असेल तर त्याच्या लेखी आपण सगळे, तुम्ही आम्ही, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेतली सगळी गर्दी, शर्मिष्ठेकडचे. तसंच धोट्याकडच्या लोकांच्या आकाशात आपला सूर्य कुठल्यातरी आकारात बसलेला असणार, त्यांनी त्याला त्यांच्या घरातल्या कुठल्यातरी वस्तूचं नाव दिलेलं असणार, आणि 'धोटा' हे नाव त्यांनी नाटकात पहिल्यांदाच ऐकावं. 'आमच्याकडनं तो धोटा दिसत नाही' हे वाक्य त्या पाहुण्याच्या तोंडी द्या.

राहता राहिलं त्यांचं स्वतःचं नाव, कारण स्वतःला कुणी 'कडचा' म्हणत नाही. आपण सोलापूरकर, तसं गावाला नाव असलं की 'कर' आपोआप लागतो. मधल्या तांबूस ताऱ्याच्या ग्रहाचं नाव कांडी ठेवा, धोट्याच्या पोटात कांडीच असते आणि उजेडाचं सूत तिच्यातनंच निघणार. मग आपण त्यांना धोट्याकडचे म्हणू आणि ते स्वतःला कांडीकर म्हणतील. लिहिताना 'धोट्याकडचे' एकत्र लिहा, मध्ये जागा सोडू नका.